पाण्याची काच

सोमवार, ४ तारीख

वही हिनं आणून दिली. म्हणाली, "रोज सकाळी माझ्यापाशी जे बडबडता ते हिच्यापाशी बडबडा, मला वर्तमानपत्र वाचू द्या." राष्ट्राध्यक्षाची एक दैनंदिनी कचेरीत ठेवतातच. त्यात कोण आलं, कधी गेलं एवढंच असतं आणि ती पुढे सरकारी दप्तरात जाते. ही घरातली. हिच्यात खरं लिहायचं.

तर खरं असं, की वर्ष होत आलं तरी या घरात मी पाहुण्यासारखाच वावरतो. उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरखोलीत गेला. मग कामगार संघटना, मग वरिष्ठ सभागृहातला मागचा बाक आणि तिथून एकदम इथं. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मागून-आणून वाचलं. मला इथं कोणी बसवलं हे काही गुपित नाही. पंतप्रधानांनी. म्हणजे धाकट्यानं. देश त्याला साहेब म्हणतो, पण मी त्याला खांद्यावर बसवून कारखान्याच्या फाटकापर्यंत नेलेलं आहे, तेव्हा माझ्या वहीत तो धाकटाच राहणार. त्याचे वडील म्हणजे आमचे मिस्त्री. वाफ म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं. ते छातीच्या दुखण्यानं गेले तेव्हा हा शाळेत होता. आम्हाला मूलबाळ नाही. पुढचं लिहायला नको.

आज एका राजदूताची अधिकारपत्रं घेतली, एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवर सही केली आणि मासेमारीच्या जाळ्यांच्या कायद्यावर सही केली. जाळ्याच्या भोकाचं माप बदललंय. मी सगळं वाचत बसलो तेव्हा सचिवबाई म्हणाल्या, "साहेब, एवढं वाचलं नाही तरी चालतं." मी म्हटलं, "तुम्हाला चालतं बाई, माशाला चालत नाही." त्या हसल्या. वर्षभरात दुसऱ्यांदा.

दुपारी बातमी आली. सरकारला टेकू देणारा पक्ष बाहेर पडला. लगेच धाकट्याचा फोन. "काका, टीव्ही बघून घाबरू नका. बहुमत माझ्याकडेच आहे."

"मी कशाला घाबरू? तू जेवलास का?"

"जेवतो काका."

किती दिवसांनी काका म्हणाला! कामाच्या बैठकांत तो मला महोदय म्हणतो. तसंच म्हणायला हवं. पण कानाला बरं वाटलं.

मंगळवार, ५

विरोधी पक्षाच्या नेत्या आल्या. पूर्वी शस्त्रक्रिया करायच्या, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. बोलणंही तसंच, भूल न देता. सह्यांचा कागद टेबलावर ठेवला. "एवढे सदस्य आमच्या बाजूनं आहेत. सरकार अल्पमतात आहे. आम्हाला बोलवा."

मी चहा मागवला. त्या म्हणाल्या, "चहा नको. तुम्ही त्यांच्या घरचे आहात असं लोक म्हणतात. मला एवढंच विचारायचंय, या खुर्चीत कोण बसलंय? काका की राष्ट्राध्यक्ष?"

"दोघांनाही गुडघेदुखी एकच आहे," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी धाकट्याकडूनही सह्यांचा कागद आला. सचिवबाईंनी दोन्ही शेजारी ठेवले. काही नावं दोन्हीकडे! सही तीच, शाई वेगळी. मी म्हटलं, "ही माणसं सासरचीही आणि माहेरचीही." बाई म्हणाल्या, "म्हणून कागदावर जायचं नसतं, साहेब."

मग त्यांनी मला घटना पुन्हा एकदा समजावली, चिडचिड न करता. सरकार पंतप्रधान चालवतो, मी नाही. मंत्रिमंडळ सल्ला देतं, मी सही करतो. पटलं नाही तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं. सरकारात काय चाललंय ते मी विचारू शकतो आणि त्यांना सांगावं लागतं. सभागृहाची बैठक बोलावता येते. आणि पंतप्रधानाच्या पाठीशी सभागृह आहे की नाही असा पेच पडला, तर तिथं मात्र राष्ट्राध्यक्षाला स्वतःची अक्कल वापरावी लागते.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण हे एवढंच नसेल तर बाकीचं सगळं कोसळतं."

बुधवार, ६

सकाळी धाकट्याचा फोन. आवाज खोल गेलेला. "काका, आईला बरं नाही. सारखी तुमची आठवण काढते."

मी चपला शोधायला लागलो. सचिवबाई दारात उभ्या. "साहेब, आज नको. या आठवड्यात राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानांच्या घरी जाणं बरं दिसत नाही."

"मी राष्ट्राध्यक्ष म्हणून नाही जात. दीर म्हणून जातोय."

"गाडीवर झेंडा आहे, साहेब."

"मग काढा झेंडा."

झेंडा काढला. गाडी मात्र तीच.

वहिनी मागच्या पडवीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगंबाई, भावोजी! आज इकडे कशी वाट चुकलात?"

"बरं नाही ना तुम्हाला?"

"मला? मला काय धाड भरलीय!"

वहिनींचं हे असंच. अंगात ताप फणफणत असला तरी कबूल करायच्या नाहीत. धाकटा मागे उभा होता. तो म्हणाला, "बघा काका, तुम्हाला बघूनच बरी झाली." मला इतकं बरं वाटलं की मीही पाटावर बसून वाटाणे सोलू लागलो. मिस्त्रींच्या गोष्टी निघाल्या. राजकारणाचा एक शब्दही कोणी काढला नाही. सचिवबाईंना उगाच काळजी.

निघताना धाकटा फाटकापर्यंत माझा हात धरून आला. बाहेर फोटोवाल्यांची ही गर्दी! त्यांना कसा पत्ता लागतो कोण जाणे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला ऊन लागू नये म्हणून आडवा उभा राहिला. मायाळू पोर.

गुरुवार, ७

सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तोच फोटो. 'राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानांच्या पाठीशी.' एकानं तर आत वाटाण्यांचंसुद्धा वर्णन दिलंय. पडवीत आम्ही तिघंच होतो. तिथलं यांना कोणी सांगितलं?

डॉक्टरीणबाईंचा फोन. "मी तुमच्याकडे न्याय मागायला आले होते. तुम्ही वाटाणे सोलायला गेलात." आणि फोन ठेवून दिला. खरं सांगतो, थोबाडीत बसल्यासारखं झालं.

सचिवबाईंनी फोटोची कात्रणं फाइलला लावली. 'सांगत होते ना' असं म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

हिला म्हटलं, "आजारी वहिनींना भेटायचंसुद्धा नाही का माणसानं?"

ही स्वेटर विणत होती. टाका न चुकवता म्हणाली, "आजारी माणूस टोपलीभर वाटाणे सोलतो का हो?"

"तुला वहिनींचा स्वभाव ठाऊक नाही."

"मला वहिनींचा ठाऊक आहे," ही म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

फाटकासमोर लोक जमलेत. एका बाजूला धाकट्याचे, एका बाजूला डॉक्टरीणबाईंचे, मधे पोलिसांची रांग. घोषणा इथं जेवणाच्या टेबलापर्यंत ऐकू येतात. दोन्हीकडून माझंच नाव घेतायत, एकीकडून जिंदाबाद, दुसरीकडून मुर्दाबाद. माणूस एकच.

शुक्रवार, ८

धाकटा आज स्वतः आला. दालनात आम्ही दोघं. सचिवबाईंना त्यानं गोड बोलून बाहेर बसवलं.

"काका, एवढी सही करा."

एका ओळीचा कागद. मंत्रिमंडळाचा सल्ला : सभागृह विसर्जित करावं.

मी विचारलं, "सभागृहापुढे गेलास?"

"कशाला? विकली गेलेली माणसं आहेत ती. मी थेट लोकांकडे जातोय. लोकांपेक्षा मोठं कोण आहे?"

हे बोलणं काही खोटं नाही. लोकांपेक्षा मोठं कोणी नाहीच. मी म्हटलं, "निवडणूक कधी?"

"सहा महिन्यांच्या आत. नियमानं."

"आणि तोवर?"

"तोवर मी आहे ना. काळजीवाहू. काही अडलं तर वटहुकूम काढू. तुमची सही, माझं काम. आपण दोघं मिळून चालवू, काका."

आपण दोघं. एक क्षण मला ते फार गोड लागलं. लिहून ठेवतो, कारण खरं लिहायचं ठरवलंय. एक क्षण वाटलं, पोरगा म्हणतोय तर करून टाकावी सही. कोणाच्या बापाचं काय जातंय?

मग मनात आलं, सभागृह नाही म्हणजे सहा महिने याला विचारणारं कोणी नाही. आणि याला बहुमत आहे की नाही हे कधीच कळणार नाही. प्रश्न विचारणारेच घरी पाठवले की उत्तर द्यायचं कोणाला?

"ठेव कागद. वाचतो."

"वाचायला काय आहे त्यात? एकच तर ओळ आहे."

"एका ओळीचे कागदच जपून वाचावे लागतात, बाळा."

त्याचा चेहरा बदलला. वडिलांसारखी कपाळावर आठी पडते त्याच्या. "काका, घटनेत तुम्हाला 'नाही' म्हणायचा अधिकार नाही. माझा सल्ला तुम्हाला बांधून आहे. तुम्हाला इथं..." आणि तिथंच थांबला.

पुढचं वाक्य काय होतं ते मला कळलं. मीच पुरं केलं. "...तूच बसवलंस. ते मी विसरलो नाही."

चहा तसाच ठेवून गेला. लहानपणापासून माझ्याकडचा चहा त्यानं कधी टाकलेला नाही.

शनिवार, ९

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही केली तर एका माणसाच्या सोयीसाठी सभागृह मोडलं. नाही केली, तर लोकांनी न निवडलेला एक म्हातारा, लोकांनी निवडलेल्या सरकारला अडवून बसला. दुसरं काही कमी भयंकर नाही. उद्या माझ्या जागी एखादा खुनशी माणूस आला तर तो माझंच उदाहरण देईल.

सचिवबाई सकाळपासून पुस्तकं घेऊन बसल्यात. म्हणाल्या, "सल्ला बांधून असतो हे खरं. पण कोणाचा सल्ला? ज्याच्या पाठीशी सभागृह आहे त्याचा. आत्ता तेच ठाऊक नाही. आणि कोर्टानं यावर आजवर काही सांगितलेलं नाही. तुम्ही जे कराल त्याचा पुढे दाखला होईल."

"म्हणजे मी चुकलो तर चूकही कायमची?"

"हो, साहेब." या बाई खोटा दिलासा देत नाहीत.

बागेत फेऱ्या मारल्या. गुडघा बोलत होता. आणि अचानक मिस्त्री आठवले. बॉयलरखोलीतला माझा पहिला आठवडा. बॉयलरच्या तोंडावर एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. मी आलो, काच बघितली, अर्धी भरलेली, म्हटलं ठीक आहे. मिस्त्रींनी कान धरला. "काच बघितलीस, पाणी कुठं बघितलंस?" म्हणाले, नळीच्या तोंडाशी गाळ बसला की काच जुनंच पाणी दाखवत राहते. आत बॉयलर कोरडा पडलेला असतो आणि काच म्हणते, भरलेलं आहे. म्हणून पाळीवर आलेल्यानं पहिलं काम एकच करायचं : खालची तोटी उघडून काच पार रिकामी करायची आणि तोटी बंद करायची. आत पाणी असेल तर काच उसळून पुन्हा भरते. नसेल तर रिकामी राहते. जाणारा माणूस सख्खा भाऊ असला तरी त्याच्या शब्दावर पाळी घ्यायची नाही. यात अपमान कोणाचा नाही.

आणखी एक सांगायचे. "सेफ्टी व्हॉल्व्हनं बॉयलर चालवायचा नसतो. तो वर्षभर गप्प बसतो म्हणून त्याला बांधूनही ठेवायचं नसतं."

मला वाटतं, मला कळलं. मी नाही म्हणायचं नाही आणि हो म्हणायचं नाही. मी फक्त तोटी उघडायची.

सचिवबाईंना सांगितलं. सभागृहाची बैठक गुरुवारी बोलवा. पंतप्रधानांना पत्र : आधी सभागृहात विश्वास सिद्ध करा, मग विसर्जनाचा सल्ला द्या, त्याच दिवशी सही करीन. तुम्ही जिंकलात तर तुमचा शब्द मला बांधून आहे.

बाईंनी माझ्या बॉयलरचं सगळं वर्णन पत्रातून काढून टाकलं. म्हणाल्या, "हे दाखल्यात बसत नाही." मग दाराशी थांबून म्हणाल्या, "पण मला समजलं."

रविवार, १०

पत्र गेलं. फोन आला. धाकटा नव्हे, पंतप्रधान बोलले.

"राष्ट्राध्यक्ष महोदय, आपण मर्यादा ओलांडत आहात."

"तुझ्या वडिलांनी..."

"माझ्या वडिलांना यात आणू नका." मग लगेच, "मंत्रिमंडळ तोच सल्ला पुन्हा पाठवेल. दुसऱ्यांदा आला की सही करावीच लागते, एवढं आपल्या सचिवांनी सांगितलं असेलच. नाहीतर महाभियोगाचा मार्ग आम्हालाही माहीत आहे."

आपण. महोदय. फोन ठेवला. हिनं पाण्याचा पेला आणून ठेवला. मी म्हटलं, "मला घालवायची भाषा करतोय." ही म्हणाली, "घालवू दे. इथल्या नळाला तसंही गरम पाणी वेळेवर येत नाही. बॉयलरवाल्याच्या घरात!"

मंगळवार, १२

सल्ला दुसऱ्यांदा आला. तीच ओळ, खाली सगळ्या मंत्र्यांच्या सह्या.

आता घटनेतली अक्षरं माझ्या बाजूनं आहेत की नाहीत, मला सांगता येत नाही. सचिवबाई म्हणतात, दुसऱ्यांदा आलेला सल्ला बांधतो हे विश्वास असलेल्या सरकारपुरतं. पंतप्रधानांकडचे सचिव म्हणतात, कुठल्याही सरकारपुरतं. दोघंही शिकलेले, दोघंही प्रामाणिक. मधे मी.

सभापतींनी गुरुवारची बैठक जाहीर केली आहे. म्हणजे मला दोन दिवस हा कागद टेबलावर ठेवून बसायचं आहे. बसणं एवढं जड असतं हे माहीत नव्हतं. सकाळी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. चार वेळा असं झालं असेल. पोराला पाडतोयस तू, असं आतून कोणीतरी म्हणत होतं. आणि त्याचा आवाज माझाच होता.

दुपारी फाटकावर दगड आला. पहारेकऱ्यांच्या खोलीची काच फुटली. कोणाच्या बाजूचा दगड, कोणी सांगत नाही. दगडाला कुठं पक्ष असतो? एका पहारेकऱ्याच्या भुवईला टाके पडले. बघायला गेलो तर तोच मला म्हणतो, "साहेब, तुम्ही आत बसा. तुम्हाला लागलं तर आमची नोकरी जाईल."

आत आलो तर ही बॅग भरत होती. दोन लुगडी, माझा स्वेटर, गुडघ्याचं तेल.

"हे काय?"

"काढलंच तर ऐन वेळी धांदल नको." मग म्हणाली, "आणि नाही काढलं तर कपड्यांना हवा लागली."

मी कागदावर एवढंच लिहिलं : सभागृहाच्या बैठकीनंतर विचारार्थ. आणि खाली सही केली. वर्षभरातली पहिली सही, जी मला कोणी सांगितली नव्हती.

गुरुवार, १४

टीव्हीचा आवाज बंद करून बघितलं. ऐकवत नव्हतं. मी, ही आणि सचिवबाई. बाईंना पहिल्यांदाच आमच्या घरच्या सोफ्यावर बसलेलं पाहिलं, तेही काठावर.

धाकटा बोलायला उभा राहिला. हात कसा उगारतो! आवाज नसला तरी कळत होतं, चांगलं बोलतोय. मी मनात म्हणत होतो, भर बाबा, काच भर. देवाशपथ म्हणत होतो. सगळा देश समजतो मी त्याला हरवायला निघालोय. त्या खोलीत तो जिंकावा असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नसेल. पेन खिशात होतं. जिंकला असता तर तिथंच सही करून पाठवणार होतो.

मतं मोजली. दोन्हीकडे सह्या केलेली माणसं एकाच बाजूला उभी राहिली. दोन मतांनी सरकार गेलं.

काच रिकामी राहिली.

ही उठून आत गेली. सचिवबाई चष्मा पुसत बसल्या, पुष्कळ वेळ.

संध्याकाळी तो राजीनामा घेऊन आला. ठरलेली वाक्यं असतात. मी म्हणालो, "दुसरी व्यवस्था होईपर्यंत आपण कामकाज पाहावं." तोंडातून 'आपण' निघताना जिभेला फोड आल्यासारखं झालं. तो म्हणाला, "जशी आज्ञा, महोदय."

"चहा घे."

"नको. आभारी आहे."

दाराशी पोचला तेव्हा मी म्हटलं, "तू फार चांगलं बोललास." तो वळला. "आवाज बंद करून बघत होतात, असं कळलं," म्हणाला आणि गेला.

या घरातलं बाहेर कोण सांगतं, देव जाणे.

शुक्रवार, १५

वहिनींचा फोन आला. तासभर मी त्याच भीतीत होतो की त्यांचा येईल, आणि आला.

"भावोजी, रागावून नाही केला फोन."

"रागवायचा हक्क आहे तुमचा."

"तो काल आला, जेवला नाही, वडिलांच्या फोटोसमोर बसून राहिला. मी म्हटलं, भावोजींनी काय वेगळं केलं? तुझ्या बापानं पण हेच केलं असतं. तर माझ्यावरच ओरडला." मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी मी आजारी नव्हते, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना? माझ्या जिवाला लागून राहिलंय. मला नंतर फोटो बघून उमगलं."

मी म्हटलं, "कळलं होतं, वहिनी. लगेच कळलं होतं."

खोटं बोललो. आता कळलं.

फोन ठेवला तर ही दारात उभी. दोघांनी मिळून बॅग रिकामी केली.

मंगळवार, १९

काल डॉक्टरीणबाईंचा शपथविधी झाला. शपथ मीच दिली. त्या शपथ वाचताना मधे एकदा अडखळल्या. एवढी करारी बाई, पण हात गार पडले होते. नंतर म्हणाल्या, "तुमच्याबद्दल मी चुकीचं बोलले होते." मी म्हटलं, "नाही, तेव्हा तुम्ही बरोबर बोलला होतात." या वेळी चहा घेतला त्यांनी.

शुक्रवार, २९

बुधवारी नव्या सरकारचा पहिला वटहुकूम आला. फाटकासमोर दंगा केल्याबद्दल धरलेल्या लोकांना कोर्टापुढे न आणता महिनाभर कोठडीत ठेवायचं. पहारेकऱ्याची फाटलेली भुवई मी पाहिली आहे. राग मलाही आहे. पण सभागृह येत्या सोमवारी भरतंय. जे सोमवारी चारचौघांपुढे मांडता येतं ते शुक्रवारी माझ्या सहीनं गुपचूप कशाला? काल सकाळी फेरविचारासाठी परत पाठवला. सोबत दोन ओळी. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आवाज थंड : "तुम्ही सगळ्यांशीच असं वागता का?" मी म्हटलं, "पाळी बदलली की हो." त्यांना कळलं नाही. सचिवबाईंना कळलं.

परत पाठवल्याचं अजून बाहेर कोणाला ठाऊक नाही. आणि आज दुपारी धाकटा आला. भेटीची वेळ न घेता, मागच्या दारानं, पूर्वी यायचा तसा. चेहरा उतरलेला, दाढीही नीट केलेली नाही.

"काका," म्हणाला.

काका.

"काका, त्या वटहुकमावर सही करू नका. माझी पोरं आहेत त्यात. चुकली असतील, पण कोर्टापुढे तरी न्यायला नको? तुम्हीच अडवू शकता. तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

ही स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. टाका चुकवणारी नजर नव्हे ती. मला ठाऊक होतं ती काय म्हणत्ये. मला सगळं ठाऊक होतं. फोन कधी येतो, आवाज कधी खोल जातो, काका कधी असतो आणि महोदय कधी. वर्षभराचे सगळे काका मी मनात ओळीनं मांडू शकलो असतो आणि प्रत्येकापुढे काय हवं होतं तेही.

सांगायचं होतं एकच वाक्य : कालच परत पाठवला. पण तसं सांगायचं नसतं. सरकारला दिलेलं उत्तर आधी सरकारच्या तोंडून बाहेर यावं लागतं, असं सचिवबाई सांगतात. हे झालं दाखल्यात बसणारं कारण.

खरं लिहायचं ठरवलंय. सांगितलं असतं तर तो लगेच उठून गेला असता.

म्हणून मी म्हटलं, "बस. नीट समजावून सांग मला, पहिल्यापासून." आणि हिला चहा टाकायला सांगितला.

तो दोन तास बसला. काका, असं बघा. काका, तुम्हीच सांगा. मधेच वडिलांचा विषय त्यानंच काढला. पहिला कप संपवला आणि दुसरा स्वतःच ओतून घेतला.